पिवळी लव आणि अंगणाची परवानगी

विषय : कोंबडीच्या पिल्लाला ओसरीवरून अंगणात जाऊ देण्याबाबत.
कारण : पिल्लाची लव हरवली.

हकिगत अशी.

एक होतं पिल्लू. त्याच्या अंगावर पिवळी मऊ लव होती. एके सकाळी लवेचा शेवटचा पुंजका गळला. वारा आला. फुर्र! पुंजका उडाला. पायरी उतरला. अंगणात गेला.

"माझी लव!" पिल्लू म्हणालं. "चिंव चिंव! आई, मी अंगणात जाऊ? माझी लव आणू?"

"कॉक कॉक कॉक!" आई ओरडली. "मुळीच नाही! तो कावळा बघ. कठड्यावर बसलाय. उगाच कोण बसतं? काहीतरी काळंबेरं आहे! तो उडेपर्यंत मी ओरडणार, आणि तुला सोडणार नाही."

पिल्लू निघालं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. ओसरीच्या कडेकडेने कावळ्याकडे गेलं.

"कावळेदादा, कावळेदादा,
तुम्ही उडत नाही,
म्हणून आई सोडत नाही,
म्हणून माझी लव सापडत नाही!"

"काव!" कावळा म्हणाला. "उडालो असतो रे. पण ती मनी बघ. पोत्यावर डोळे मिटून बसलीय. भरदिवसा डोळे कोण मिटतं? काहीतरी काळंबेरं आहे! मनी हलल्याशिवाय मी उडणार नाही."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पिल्लू मनीमांजरीकडे गेलं. जरा लांबच थांबलं. मनीचे दोन्ही डोळे मिटलेले होते. एक जरा कमी मिटलेला होता.

"मनीताई, मनीताई,
तुम्ही हलत नाही,
म्हणून कावळा उडत नाही,
म्हणून आई सोडत नाही,
म्हणून माझी लव सापडत नाही!"

"म्यांव," मनी म्हणाली. "किती गोड बोलतोस रे! जवळ ये की."

"इथून ऐकू येतं," पिल्लू म्हणालं.

"बरं, राहू दे. तो खंड्या कुत्रा बघ. बाकड्याखाली पडलाय. शेपूट हलवतोय. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. मग शेपूट कुणासाठी? काहीतरी काळंबेरं आहे! खंड्या उठल्याशिवाय मी हलणार नाही."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पिल्लू बाकड्याखाली गेलं.

"खंडूकाका, खंडूकाका,
तुम्ही उठत नाही,
म्हणून मनी हलत नाही,
म्हणून कावळा उडत नाही,
म्हणून आई सोडत नाही,
म्हणून माझी लव सापडत नाही!"

"गुर्रर्र," खंड्या म्हणाला. "शेवंतामावशी बघ. पायरीवर बसलीय. हातात काठी आहे. मी काही केलेलं नाही. निदान आज तरी नाही. मग काठी कशाला? काहीतरी काळंबेरं आहे! मावशीने काठी ठेवल्याशिवाय मी उठणार नाही."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पिल्लू पायरीपाशी गेलं. शेवंतामावशीने अंगणात सांडगे वाळत घातले होते. मावशी ते राखत बसली होती.

"मावशी, मावशी,
तुम्ही काठी ठेवत नाही,
म्हणून खंड्या उठत नाही,
म्हणून मनी हलत नाही,
म्हणून कावळा उडत नाही,
म्हणून आई सोडत नाही,
म्हणून माझी लव सापडत नाही!"

"अरे बाळा," मावशी म्हणाली, "ऐक, तुझी आई कशी ओरडतेय! कोंबडी उगाच ओरडते होय? कुणाचा तरी माझ्या सांडग्यांवर डोळा आहे. काहीतरी काळंबेरं आहे! तुझी आई गप्प बसल्याशिवाय मी काठी ठेवणार नाही."

टुणुक... टुणुक. पिल्लू दमलं. आईकडे परत आलं.

"आई, आई,
तू गप्प बसत नाहीस,
म्हणून मावशी काठी ठेवत नाही,
म्हणून खंड्या उठत नाही,
म्हणून मनी हलत नाही,
म्हणून कावळा उडत नाही,
म्हणून आई सोडत नाही, म्हणजे तूच,
म्हणून माझी लव सापडत नाही!"

"कॉक कॉक कॉक! आधी तो कावळा उडू दे!"

झालं. प्रकरण जिथून निघालं, तिथेच परत आलं.

पिल्लाचे डोळे भरून आले. ते आईच्या पंखाखाली शिरलं. डोकं आत गेलं. पण शेपटी बाहेर राहिली! शेपटी आत घेतली. आता डोकं बाहेर आलं!

"अगं बाई! हे काय?" आईने पंख उचलला. वाकून पाहिलं. लव कुठेच नव्हती. होती ती पिसं. खरीखुरी, तपकिरी पिसं! "अरे, तू तर पंखाखाली मावतच नाहीस!"

आई बघतच राहिली. ओरडायचं विसरून गेली.

सगळीकडे शांत. अगदी शांत.

आई गप्प बसली, मग मावशीने काठी ठेवली.
मावशीने काठी ठेवली, मग खंड्या उठला.
खंड्या उठला, मग मनी हलली. धूम पळाली!
मनी हलली, मग कावळा उडाला. जाता जाता एक सांडगा घेऊन गेला.

"मला वाटलंच होतं!" मावशी ओरडली.

"मलाही!" आई म्हणाली. "पण कावळा उडाला. जा बाळा. तुला पिसं आली. आता जा."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! पिल्लू पायरी उतरलं. अंगणात गेलं. ऊन लागलं. माती लागली. मिरचीच्या रोपाला पिवळा पुंजका अडकला होता.

"माझी लव!"

पिल्लाने ती पाठीवर ठेवली. घसरली. डोक्यावर ठेवली. घसरली. मग चोचीत धरली आणि आईला दिली. आईने ती आपल्या पंखाखाली ठेवली. तिथे आता जागा होती.

पिल्लू परत अंगणात गेलं. माती उकरू लागलं. खर्र खर्र, खर्र खर्र!

संध्याकाळी मनी परत आली. हळूच म्हणाली, "कोंबडीबाई, माझा एक अर्ज आहे. उद्यापासून अंगणात पिल्लाला मी सांभाळते. मला काही नको."

"काही नको?" कोंबडी म्हणाली. "काहीतरी काळंबेरं आहे!"

मनीच्या अर्जावर अजून निर्णय झालेला नाही.