विसोबाची संगणकसेवा

टेंभूर्डी गावात विसोबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? कुणी "जरा डोकं चालव" म्हटलं की तो मान हलवून दाखवायचा. वय चाळिशीकडे झुकलेलं, अंगात बैलाचं बळ आणि मनात पाप नाही. डोक्यातही फारसं काही नव्हतं. पण गावात तशी माणसं पुष्कळ होती आणि त्यांतली काही तर निवडूनही आली होती. त्यामुळे विसोबाचं कुणाला नवल वाटत नसे.

त्याच गावात एक संस्था होती, नवसंजीवन संगणक मंडळ. लोकांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर गोळा करायचे, दुरुस्त करायचे आणि गावच्या कन्याशाळेला द्यायचे, हे तिचं काम. संस्थेत पगार कुणालाच नव्हता, म्हणून मानाच्या खुर्च्या भरपूर होत्या. प्रत्यक्ष स्क्रू पिळणाऱ्या मात्र एकट्या खरातबाई. शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. घरी बसून भजन करायचं सोडून त्या दिवसभर कॉम्प्युटरच्या पोटात हात घालून बसायच्या.

संस्थेचे चिटणीस होते मनोहरपंत. त्यांच्याकडे बातम्यांचं खातं होतं. एस.टी. स्टँडसमोर संस्थेचा काळा फळा होता आणि त्यावर पंत रोज खडूनं बातमी लिहायचे. संस्थेत काही घडो न घडो, फळ्यावर घडायचंच.

गाव मोठं दानशूर. ज्या कॉम्प्युटरमध्ये उंदरांचा वंश वाढला, झुरळांची लग्नं लागली, तो लोक अगदी मोठ्या मनानं देऊन टाकायचे. देताना फोटो काढून घ्यायचे. तिकडे कन्याशाळेतल्या मुली भिंतीवर रंगवलेल्या कीबोर्डच्या चित्रावर बोटं आपटून टायपिंग शिकत होत्या. चित्रातलं एक अक्षर पावसाच्या ओलीनं पुसलं गेलं होतं. ते अक्षर नसलेलेच शब्द त्या लिहायच्या.

एक दिवस विसोबाची आई त्याला म्हणाली, "घरी बसून भाकऱ्या मोडतोस, त्यापेक्षा चार लोकांच्या उपयोगी पड."

विसोबा तडक मंडळाच्या दारात गेला.

"बाई, आईनं उपयोगी पडायला सांगितलंय. कुठं पडू?"

बाईंनी त्याला सातवीत शिकवलं होतं. एकदा नापास झाला म्हणून परत शिकवलं होतं. त्या त्याला पुरत्या ओळखून होत्या. पण मंडळाच्या बाकीच्या मंडळींना मीटिंगमुळे वेळ नव्हता आणि शाळेला कॉम्प्युटर देण्याचा समारंभ जवळ आला होता. ओझी उचलायला कुणीतरी हवंच होतं. बाई म्हणाल्या, "ये बाबा आत."

पहिल्याच दिवशी बाई जेवायला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "विसोबा, ह्या कोपऱ्यातल्याला व्हायरस झालाय. चांगलाच तापलाय बघ. मी येईपर्यंत त्याच्याकडे लक्ष ठेव."

विसोबानं हात लावून पाहिला. खरंच ताप होता.

बाई परत आल्या तर कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून पलंगावर निजवलेला. पडद्यावर मिठाच्या पाण्याच्या घड्या. शेजारी तुळशीचा काढा. विसोबा घडी पिळून परत ठेवत होता.

"अरे, हे काय चालवलंयस?"

"हळू बोला बाई, आत्ता डोळा लागलाय. तळपाय चोळणार होतो, पण पाय कुठं आहेत तेच सापडेनात."

इतक्यात आतून चर्र असा आवाज आला. धुराची एक रेघ वर गेली. कॉम्प्युटरचा व्हायरस, ताप आणि प्राण तिन्ही एकदमच गेले.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, तापलेल्याला पाणी लावायचं नसतं. वारा घालायचा, वारा!"

"बरं बाई. पाणी नाही. वारा."

संध्याकाळी फळ्यावर बातमी आली : 'मंडळात आजारी संगणकांवर मायेने उपचार.'

दोन-चार दिवस बरे गेले. मग मंडळाच्या मागच्या बाजूला, जिथं रिकामी खोकी आणि थर्माकोल साचला होता, तिथं कुणीतरी पेटती बिडी टाकली. खोकं धुमसायला लागलं. विसोबानं हात लावला. गरम. त्याचा जीव कळवळला. पण ह्या वेळी तो फसणार नव्हता. पाण्याचा पिंप शेजारीच होता, त्याच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तो धावत आत गेला, टेबलफॅन उचलून आणला, लांब वायर लावली आणि पंखा खोक्यासमोर ठेवला. तेवढ्यानं भागेना म्हणून सूप घेऊन स्वतः वारा घालू लागला.

ज्वाळा पत्र्याला लागल्या तेव्हा गाव धावलं. आग विझली, पण मागचं दार, सगळी खोकी आणि कीबोर्डांचा एक ढीग जळून गेला. विसोबाच्या भुवयाही गेल्या.

"बाई, पाण्याचा थेंब लावला नाही," तो अभिमानानं म्हणाला.

"आगीला वारा घालतात होय रे? काही भडकलेलं दिसलं की पहिल्यांदा बादलीभर पाणी ओतायचं! विचार करत बसायचं नाही!"

"नाही बसणार बाई." हे त्याला अवघड नव्हतं.

फळ्यावर बातमी : 'मंडळातर्फे परिसरातील कचऱ्याची विल्हेवाट. ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग.'

ही बातमी गावच्या तेलघाण्याचे मालक झुंबरशेठ यांनी वाचली. वर वाचली, खाली वाचली, फळ्याच्या मागे जाऊनही बघितलं. त्यांचं नाव कुठंच नव्हतं. त्यांनी मंडळाला आपला जुना कॉम्प्युटर दिला होता, आणि तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी आपलं नाव फळ्यावर यावं एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. इस्त्रीचं धोतर, जरीची टोपी अशा थाटात ते मंडळाकडे निघाले.

खिडकीतून मनोहरपंतांनी त्यांना पाहिलं आणि ते टेबलाआड सरकले. "बाई, मेलो! झुंबरशेठ आलेत. भयंकर भडकलेत!"

कोपऱ्यात विसोबा माउस पुसत होता. त्यानं कान टवकारले.

शेठनी उंबऱ्यात पाय ठेवला. "कुठं आहे तो चिटणीस?" एवढंच ते बोलू शकले. पुढचं बोलायच्या आत बादली रिकामी झाली होती. जरीची टोपी वाहत जाऊन टेबलाखाली अडकली. विसोबानं वाकून शेठच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"अजून धुमसतंय थोडं," तो म्हणाला आणि दुसरी बादली आणायला वळला. पंतांनी त्याला पाठीमागून मिठी मारून धरलं.

शेठ गेल्यावर बाई थरथरत होत्या. राग होता की हसू, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. "विसोबा, माणूस भडकला तर असं करतात? त्याला खुर्ची द्यायची. चहा द्यायचा. गोड बोलायचं. मागेल ते हातावर ठेवायचं आणि हात जोडून निरोप द्यायचा. कळलं?"

"कळलं. खुर्ची, चहा, गोड बोलणं, मागेल ते."

पंत रात्रभर तळमळले आणि सकाळी त्यांनी फळा लिहिला : 'दानशूर झुंबरशेठ यांचे मंडळात जलाभिषेकाने भव्य स्वागत.' शेठनी तो वाचला. परत वाचला. मग कोरडं धोतर नेसून येऊन, समारंभाचं अध्यक्षपद त्यांनी मोठ्या मनानं स्वीकारलं.

त्यानंतर एका दुपारी बाई शाळेत विजेची जोडणी बघायला गेल्या होत्या. विसोबा एकटाच होता. दाराशी टेम्पो थांबला. तोंडाला रुमाल बांधलेला एक दांडगा माणूस पहार घेऊन आत शिरला.

"आवाज केलास तर डोकं फोडीन! काय काय माल आहे तो दाखव!"

विसोबाच्या लगेच लक्षात आलं. माणूस भडकलाय. त्यानं झटकन खुर्ची पुसून पुढे केली.

"बसा ना. उन्हातून आलात. साखर किती घालू?"

चोर गोंधळला. "कसली साखर?"

"चहात. आलं चालतं ना?"

चोरानं आजवर शिव्या खाल्ल्या होत्या, मार खाल्ला होता. आल्याचा चहा प्रथमच पीत होता. पिताना त्याची नजर सारखी दाराकडे जात होती. चहा संपताच तो घाईघाईनं दोन लॅपटॉप उचलून निघाला, तर विसोबानं त्याला अडवलं.

"एवढेच? हे बघा, ह्याचा पडदा मोठा आहे. तुम्ही बसा, मी भरतो."

आणि विसोबानं टेम्पो भरला. खोलीतलं सगळं भरलं. प्रिंटर भरले, खुर्ची भरली. निरोप द्यायला हात जोडले. टेम्पो वळणावर पोचला तेव्हा एक चार्जर राहिल्याचं दिसलं, तर तो घेऊन मागं धावला. "थांबा, थांबा!" असा आरडाओरडा ऐकून चोरानं भिऊन टेम्पो चढावावर पिटाळला. पण विसोबानं तो इतक्या प्रेमानं भरला होता की मधेच त्याच्या स्प्रिंगचा पाटा मोडला. रस्त्यावरच्या लोकांनी चोराला धरलं. हवालदार आला तेव्हा चोर त्याच्या पाया पडला.

"साहेब, कुठंही न्या. फक्त त्या माणसाकडे परत नेऊ नका. माझ्या मनात त्याच्याबद्दल काय भीती बसलीय, सांगता येत नाही."

माल परत आला. या वेळी बाई ओरडल्या नाहीत. नुसत्या पायरीवर बसून राहिल्या. ते बघून विसोबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. गोड बोललो, मागेल ते दिलं. चुकलं कुठं माझं?"

बाईंना त्याची दया आली. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे बघ विसोबा. मागणारा कोणीही असो. डोळे वटारू दे, नाहीतर पाया पडू दे. ज्याची वस्तू, त्यालाच द्यायची. दुसऱ्याच्या हातात जाऊ द्यायची नाही. एवढं एकच आयुष्यभर पाळ."

"आईची शप्पथ, पाळीन."

फळ्यावर बातमी : 'मंडळाच्या संगणकांना गावाबाहेरूनही मागणी.'

समारंभाचा दिवस आला. आदल्या दिवशी मंडळाची मीटिंग झाली होती आणि तीत एक महत्त्वाचा ठराव पास झाला होता. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणाऱ्यांची नावं असतात, तशी प्रत्येक कॉम्प्युटरवर दात्याचं नाव रंगवायचं. पेंटरनं लाल रंगात ठसठशीत नावं काढली. पुढे 'यांजकडून' असंही लिहिलं, पण जागा उरली नव्हती म्हणून ते इतकं बारीक लिहिलं की मुंगीलाच वाचता यावं.

सकाळी बाई विसोबाला म्हणाल्या, "हे सगळे हातगाडीवर घालून शाळेत ने आणि टेबलावर मांडून ठेव." आणि त्या साडी बदलायला घरी गेल्या.

विसोबानं पहिला कॉम्प्युटर उचलला. त्यावर नाव होतं. दुसरा उचलला. त्यावरही नाव. विसोबाला घाम फुटला. केवढा अनर्थ होणार होता! वस्तू एकाची आणि चालली होती दुसऱ्याकडे. बाईंच्या लक्षात आलं नसेल बिचारीच्या. त्यानं आईची शप्पथ आठवली आणि हातगाडी गावाकडे वळवली.

अकरा वाजता शाळेचं सभागृह भरलं. पुढच्या रांगेत सगळे दाते बसले होते. समारंभ म्हणून सकाळपासून शाळेतच होते. मागे मुली दाटीवाटीनं. टेबलांवर पांढरी चादर अंथरली होती. झुंबरशेठ बोलायला उभे राहिले ते खाली बसेनात.

"दान करावं आणि विसरून जावं," ते म्हणाले. "दिलेल्या वस्तूकडे मागे वळून पाहील तो दाता कसला!"

टाळ्या पडल्या. शेठनी ऐटीत चादर ओढली.

खाली नुसती टेबलं होती.

मागून एका मुलीचं "आता काय, टेबलाचं पण चित्र?" एवढंच ऐकू आलं. दारात विसोबा उभा होता, घामानं निथळत, तोंडभर हसत.

बाई त्याच्याकडे धावल्या. "विसोबा, कॉम्प्युटर कुठं आहेत?"

"ज्याचे त्याला दिले, बाई. घरोघरी पोचवले."

"आणि लोकांनी घेतले?"

"घेतले की! भली माणसं. एकानं नाही म्हटलं नाही. वकिलांच्या घरी दारातच चालू करून बघितला. म्हणाले, दिला तेव्हा मेलेला होता, आता पळतोय."

पुढच्या रांगेतली मंडळी छताकडे पाहू लागली. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

"शरम नाही वाटली लोकांना?" झुंबरशेठ कडाडले.

"तुमच्याकडं तर सगळ्यांच्या आधी गेलो, शेठ. वहिनींनी लगेच आत घेतला. वर हार घातला. म्हणाल्या, आमचे हे रोज हळहळतात, फुकट गेला म्हणून."

मुली खो खो हसत सुटल्या. शेठ मटकन खाली बसले. मनोहरपंतांनी खिशातला खडू हळूच परत आत ढकलला.

मग बाई उठल्या. त्यांनी माइक हातात घेतला. "मुलींनो, काही बिघडलेलं नाही. कॉम्प्युटर जिथं, वर्ग तिथं. आजपासून आपला वर्ग पाळीपाळीनं ह्या मंडळींच्या दिवाणखान्यात भरेल. सकाळ-संध्याकाळ. पहिला झुंबरशेठकडे. खाऊ मिळेलच."

पुढची रांग ताडकन उभी राहिली. आपण कॉम्प्युटर फक्त पुसून ठेवायला घरी घेतले होते, असं एकदम सगळ्यांना आठवलं. शेठ तर माणूस पाठवायलाही निघाले. दुपारपर्यंत सगळे कॉम्प्युटर शाळेत पोचतील, असं एकमुखानं ठरलं. बाईंनी सुस्कारा सोडला आणि विसोबाच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे. झालं ते बरंच झालं. दमलास. बस आता."

"बसायला वेळ नाही, बाई," विसोबा म्हणाला. "तुम्हीच जरा आटपतं घ्या. मुलींना बाहेर काढा."

"का रे?"

"शाळेच्या कमानीवर पण नाव आहे ना. शाळा बांधून दिली त्या दौलतरावांचं. ते तर वारले. म्हणून त्यांच्या नातवाला गाठलं, बबनरावांना. दोन खोल्यांत अकरा माणसं राहतात हो. कुलपाला लटकत होती ती शाळेची किल्ली हातात दिली तर रडायलाच लागले."

बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत गाद्या होत्या, कपाट होतं, पाळणा होता आणि सगळ्यांच्या वर, बबनरावांच्या सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या.