झुबकीच्या शेंगा आणि गळकी टाकी

एक होती खार.
तिचं शेपूट होतं झुबकेदार.
म्हणून तिचं नाव झुबकी.

कादरचाचांचं होतं गॅरेज. गॅरेजमागे होतं शेवग्याचं झाड. झाडात होती ढोली. ढोलीत झुबकीची दोन पिल्लं. एवढीशी! तिळाएवढे डोळे. नुकतेच फुटलेले दात.

गॅरेजात होती एक मोटार. जुनी जुनी. आभाळाच्या रंगाची. गोल गोल दिवे. गोल गोल पाठ. कादरचाचा तिला म्हणायचे मोटारबाई.

झुबकीनं भुईमुगाच्या शेंगा जमवल्या. एक शेंग, दोन शेंगा, खूप खूप शेंगा! मोटारबाईच्या पोटाखाली लपवल्या. तिथे ऊन नाही. तिथे कावळा नाही.

पण एक दिवस काय झालं?
टिप! टिप! टिप!
मोटारबाईची टाकी गळली. पेट्रोल पडलं शेंगांवर.

झुबकी आली. तुरुतुरु तुरुतुरु. तिनं शेंग उचलली. हुंगली.
"शी! थू थू थू! अगंबाई, माझ्या शेंगा गेल्या!"

ढोलीतून पिल्लं ओरडली,
"चिक चिक! आई, शेंग! चिक चिक! आई, शेंग!"

झुबकी चढली मोटारीवर. कमरेवर ठेवले हात.
"मोटारबाई, मोटारबाई, माझ्या शेंगा भिजवल्यास. दुसऱ्या दे!"

मोटार म्हणाली,
"चुकलंच गं माझं. देईन की! डोंगरापलीकडे शेत आहे. तिथे जाईन. पोतंभर शेंगा आणीन. पण माझ्या टाकीला पडलंय भोक. पेट्रोल राहत नाही. मी चालू कशी? जा, चाचांना सांग. टाकीला डाग द्या, भोक बुजवा म्हणावं."

झुबकीनं डोंगराकडे पाहिलं. डोंगर केवढा! झुबकीचे पाय केवढे? एवढेसे!
झुबकी निघाली.
तुरुतुरु तुरुतुरु.

कादरचाचा स्टुलावर बसले होते. चहा पीत होते.
"काय गं झुबके? निघालीस कुठे?"

झुबकी म्हणाली,
"मोटार शेतात जाईना,
पिल्लांना शेंग मिळेना.
आता मी काय करू?
चाचा, चाचा, टाकीला डाग द्या!"

चाचा म्हणाले,
"देईन की, बेटी! पण टाकीत आहे गंज. लाल लाल गंज. गंजावर डाग बसत नाही. आणि टाकीचं तोंड बघ केवढंसं. माझा हात आत जातच नाही! जा, नदीतल्या खड्यांना सांग. ते जातील आत. ते काढतील गंज."

तुरुतुरु तुरुतुरु.
झुबकी गेली नदीवर.

खडे पाण्यात बसले होते. गोल गोल, गार गार.
"काय गं झुबके? निघालीस कुठे?"

झुबकी म्हणाली,
"चाचा डाग देईनात,
मोटार शेतात जाईना,
पिल्लांना शेंग मिळेना.
आता मी काय करू?
खड्यांनो, खड्यांनो, गंज काढा!"

खडे म्हणाले,
"काढू की! पण गंज आहे हट्टी. नुसतं घासून जात नाही. आंबट आंबट चिंच हवी. चिंचेनं तांब्या कसा लखलखतो? तशीच टाकी लखलखेल. जा, चिंचेच्या झाडाला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु.
झुबकी गेली झाडाकडे.

चिंचेचं झाड उंच उंच. त्याची सावली लांब लांब.
"काय गं झुबके? निघालीस कुठे?"

झुबकी म्हणाली,
"खडे गंज काढीनात,
चाचा डाग देईनात,
मोटार शेतात जाईना,
पिल्लांना शेंग मिळेना.
आता मी काय करू?
झाडा, झाडा, चिंच सोड!"

झाड म्हणालं,
"सोडीन की! पण आज वारा नाही. माझं पानसुद्धा हलत नाही. मग चिंच पडेल कशी? ते बघ माकड. त्याला सांग. माझी फांदी हलव म्हणावं."

माकड बसलं होतं भिंतीवर. तोंड पाडून बसलं होतं.
झुबकी भिंतीवर चढली. तुरुतुरु तुरुतुरु.
"काय गं झुबके? निघालीस कुठे?"

झुबकी म्हणाली,
"झाड चिंच सोडीना,
खडे गंज काढीनात,
चाचा डाग देईनात,
मोटार शेतात जाईना,
पिल्लांना शेंग मिळेना.
आता मी काय करू?
माकडदादा, माकडदादा, फांदी हलव!"

माकड म्हणालं,
"हलवीन की! पण पोटात कावळे ओरडताहेत."

"कावळे?" झुबकीनं माकडाच्या पोटाला कान लावला.
गुर्रर्र गुडगुड!
"दादा, हे कावळे नाहीत. ही तर भूक!"

"हो ना! म्हणून तर फांदी हलवायला जोर नाही. जा, केळेवाल्या मावशीला सांग. मला एक केळं दे म्हणावं. पिवळं पिवळं!"

तुरुतुरु तुरुतुरु.
झुबकी गेली बाजारात.

केळेवाली मावशी बसली होती पाटीपाशी. पाटीत केळी. मांडीवर बाळी. बाळी रडत होती.
ट्यँहा! ट्यँहा!
"काय गं झुबके? निघालीस कुठे?"

झुबकी म्हणाली,
"माकड फांदी हलवीना,
झाड चिंच सोडीना,
खडे गंज काढीनात,
चाचा डाग देईनात,
मोटार शेतात जाईना,
पिल्लांना शेंग मिळेना.
आता मी काय करू?
मावशी, मावशी, एक केळं दे!"

मावशी म्हणाली,
"देईन की गं! पण माझे हात बघ. एका हातानं बाळीला धरलंय. दुसऱ्या हातानं थोपटतेय. केळं काढू कशानं? सकाळपासून रडतेय नुसती. बाळी हसली, की मी तिला खाली ठेवीन. मग देईन केळं."

झुबकी बाळीकडे वळली.
"बाळी, बाळी, हस ना गं!"
ट्यँहा!
"का गं रडतेस?"
ट्यँहा! ट्यँहा!

बाळी सांगणार कसं? बाळीला बोलताच येत नव्हतं!

झुबकी दमली. मटकन खाली बसली, अगदी बाळीच्या पायाशी. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं. तिला आठवली ढोली. तिला आठवली पिल्लं. झुबकीचे डोळे भरून आले. ती हळूच म्हणाली,

"बाळी हसेना,
मावशी केळं देईना,
माकड फांदी हलवीना,
झाड चिंच सोडीना,
खडे गंज काढीनात,
चाचा डाग देईनात,
मोटार शेतात जाईना,
पिल्लांना शेंग मिळेना.
आता मी काय करू?"

बोलता बोलता झुबकीचं शेपूट हलत होतं. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे. झुबकेदार शेपूट लागलं बाळीच्या तळपायाला.

गुदगुदु!

बाळी थांबली. बाळीनं खाली पाहिलं.
पुन्हा लागलं शेपूट.
गुदगुदु गुदगुदु!

खुदकन! बाळी हसली.
"मावशी! हसली! हसली!" झुबकी उडीच मारणार होती. पण कशी मारणार? बाळीनं शेपूट घट्ट धरलं होतं! दुखलं थोडंसं. पण झुबकी "सोड" म्हणाली नाही. उलट शेपूट आणखी हलवलं.
खुदुखुदु! खुदुखुदु! खुदुखुदु!

मावशीसुद्धा हसली. बाळीला पोत्यावर ठेवलं. हात मोकळे झाले.
"घे गं बाई. एक काय, दोन केळी घे!"

मग काय!
बाळी हसली,
मावशीनं केळं दिलं.

माकडानं केळं खाल्लं. गट्टम! दुसरंही खाल्लं. गट्टम! पोटातले कावळे उडून गेले. माकड झाडावर चढलं. सर्रर्र!
माकडानं फांदी हलवली. गदगदा गदगदा!
झाडानं चिंच सोडली. टपटप टपटप!

झुबकीनं तोंडात धरली चिंच. नदीवर नेली. चिंच बघून खडे उठले. एकामागून एक निघाले.
गडगड गडगड! पुढे झुबकी, मागे खडे. गडगड गडगड!

चाचांनी वरात पाहिली. चहाचा कप खाली ठेवला.
"या या! आता बसू कामाला!"

चाचांनी टाकी खाली काढली. उरलंसुरलं पेट्रोल काढून घेतलं. टाकी धुतली. भोकात बसवलं बूच. मग खडे शिरले आत. एक, दोन, तीन... सगळे शिरले! वरून ओतलं चिंचेचं पाणी. आंबट आंबट!
चाचांनी टाकी धरली. हलवली.

खुळखुळ! खुळखुळ! खुळखुळ!

पाणी आलं लाल लाल.
"अजून!" खडे म्हणाले.
खुळखुळ! खुळखुळ!
पाणी आलं पिवळं पिवळं.
"अजून!"
खुळखुळ! खुळखुळ!
पाणी आलं स्वच्छ स्वच्छ.
खड्यांनी गंज काढला!

टाकी बसली उन्हात. एक दिवस बसली, दोन दिवस बसली. छान वाळली.
"पेट्रोलचा वास येतो का गं, झुबके?"
झुबकीनं नाक लावलं. "नाही, चाचा!"

मग चाचांनी डाग दिला.
चर्रर्र! भोक बंद!

आता टाकीत भरलं पाणी. झुबकी बसली खाली. वर बघत बसली.
टिप? नाही.
टिप टिप? नाही.
एकसुद्धा थेंब नाही!

पाणी ओतून दिलं. टाकी पुन्हा वाळवली. चाचांनी टाकी मोटारीला लावली. पेट्रोल भरलं. गुटगुट गुटगुट! चावी फिरवली.

खर्र... खर्र...
मोटारबाईला खोकला आला. कितीतरी दिवसांनी सुरू होत होती ना!
खर्र... खर्र... फट्!
फट् फट् फट्! भुर्रर्र!

"झुबके, चल, आत बस," मोटारबाई म्हणाली.
झुबकी बसली आत, खिडकीपाशी. चाचा बसले स्टिअरिंगच्या चाकापाशी.
भुर्रर्र! डोंगर चढला. भुर्रर्र! डोंगर उतरला. पॉंप पॉंप! शेत आलं.

शेतात शेंगाच शेंगा! चाचांनी पोतं भरलं. मोटारबाईच्या पाठीत ठेवलं. आणि भुर्रर्र, परत घरी!

शेवग्याखाली मोटार थांबली. चाचांनी पोतं उघडलं.
"घे गं बेटी. या तुझ्या शेंगा."
मोटारबाई म्हणाली, "मोजून घे हो!"
झुबकी म्हणाली, "मला तीनच्या पुढे मोजता येत नाही!"
सगळे हसले.

झुबकी ढोलीत शिरली.
"चिक चिक! आई, शेंग!"
एक शेंग दिली या पिल्लाला. कट्ट! कुडुम कुडुम.
एक शेंग दिली त्या पिल्लाला. कट्ट! कुडुम कुडुम.
पिल्लांची पोटं झाली गोल गोल. पिल्लं झोपली शेपटाखाली.

मग झुबकीनं तिसरी शेंग उचलली. हुंगली. अहाहा! मातीचा गोड वास. ती शेंग मात्र तिनं स्वतः खाल्ली. सावकाश खाल्ली. मजेत खाल्ली.

शेंग फुटली कट्ट,
आपली गोष्ट गट्ट!