मागचा सेन्सर काय म्हणाला

"…मग आता चौथा कन्व्हर्टर कुठून आणू, चाचा?"

इंद्रजितनं विचारलं, आणि हातातला बिघाड वाचायचा स्कॅनर ट्रकच्या बॉनेटवर जरा जोरातच ठेवला.

दस्तगीर शिकलगार ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. बशी उपडी घातली.

"वाच," ते म्हणाले.

"वाचलंय, चाचा. पी शून्य चारशे वीस. तिसऱ्यांदा तोच कोड."

"नावातच चारशे वीस!" ट्रकच्या पायरीवर बसलेली नंदाक्का म्हणाली. "असल्या लबाडाचं ऐकून तू माझी गाडी दोनदा खोललीस व्हय रे?"

नंदाक्का, म्हणजे महानंदा पाटोळे, मधमाश्या पाळायची. तिच्या चोवीस पेट्या चिवरीच्या माळावर होत्या. तिथला कारळ्याचा फुलोरा झडला होता. परांड्याकडे तूर फुलली होती, आणि माश्यांना तिकडे न्यायला तिच्याकडे हा एकच पेट्रोलचा छोटा ट्रक होता. दहा वर्षांचा. उद्या आरटीओत त्याची फिटनेसची तपासणी होती. इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला दिसला की गाडी परत पाठवत. गाडी परत म्हणजे पेट्या माळावरच. माळावर आता फूल नव्हतं.

"चार दिवस साखरपाणी पाजून काढले," ती म्हणाली. "पण साखरपाण्यावर माशी किती दिवस जगंल?"

इंद्रजितनं मान खाली घातली.

तो जर्मनीत सहा वर्षं हेच शिकला होता. गाडीचा धूर स्वच्छ कसा करायचा, हेच. तिथली नोकरी सोडून परत आला तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. फक्त नळदुर्ग रोडवरच्या या गॅरेजात दस्तगीरचाचांनी एक पाना त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, 'ये. धूर इथं भरपूर आहे.'

"वाच," चाचा पुन्हा म्हणाले. "नंबर नको. खाली काय लिहिलंय ते वाच."

"कन्व्हर्टरची कार्यक्षमता… मर्यादेपेक्षा कमी."

"पुन्हा."

"कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेपेक्षा कमी."

"कन्व्हर्टर मेला, असं कुठं लिहिलंय?"

इंद्रजितनं पडद्याकडे पाहिलं.

"तसं लिहीत नाहीत, चाचा. अर्थ तोच असतो."

"अर्थ कुणी काढला?"

"…मी."

"हं. आणि हे कमी-जास्त गाडीला सांगितलं कुणी?"

इथं इंद्रजितचा आवाज जरा सरळ झाला. हे त्याला येत होतं. नंदाक्काला समजावं म्हणून तो सोपं करून सांगू लागला. कन्व्हर्टर म्हणजे धुराची गाळणी. तिच्या पुढं एक सेन्सर, मागं एक. पुढचा सेन्सर गाळणीत शिरणारा धूर बघतो, मागचा बाहेर पडणारा. गाळणी चांगली असेल तर मागच्याची रेघ शांत राहते. मागचा पुढच्यासारखाच उड्या मारायला लागला, की कॉम्प्युटर समजतो, गाळणी काही काम करत नाही. मग दिवा पेटतो.

"म्हणजे बोलला कोण?"

"मागचा सेन्सर."

"त्यानं गाळणी बघितली?"

"नाही. तो नळीत असतो. त्याला फक्त समोर आलेली हवा दिसते."

"मग त्यानं हवेबद्दल सांगितलं." चाचा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "गाळणीबद्दल तू बोललास."

…

भिंतीला टेकून दोन कन्व्हर्टर उभे होते. एक ट्रकचा मूळचा. दुसरा गणपतीनंतर इंद्रजितनं बसवलेला आणि मागल्या आठवड्यात काढलेला. 'डुप्लिकेट माल दिला दुकानदारानं,' असं तो तेव्हा म्हणाला होता. आज ट्रकखाली तिसरा होता आणि दिवा तसाच होता.

चाचांनी मूळचा कन्व्हर्टर उचलला, फुंकून धूळ उडवली आणि नंदाक्काच्या हातात दिला.

"बघ गं."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"उजेडाकडं धरून बघ."

तिनं तो सूर्याकडे धरला. एक डोळा मिटला. आणि तिचा चेहराच बदलला.

"अगं बया… हे तर पोळं हाय!"

आत बारीक बारीक घरं होती. एकाला एक लागून, शेकडो. प्रत्येकातून उजेडाचा ठिपका येत होता.

ती तो फिरवून फिरवून पाहू लागली. पेटी उघडल्यावर चौकट पाहावी तसा. कानाजवळ नेऊन हलवला. आत काही वाजलं नाही.

"एक घर मोडलेलं न्हाई. कुठं वितळलेलं न्हाई. बुजलेलं न्हाई." तिनं इंद्रजितकडे पाहिलं. "मेलेलं पोळं मला कळतं रं, बाबा. हे जित्तं हाय."

इंद्रजितनं दुसरा उचलला. उजेडाकडे धरला.

तोही जिवंत होता.

इंद्रजितनं तो जपून खाली ठेवला. दुकानदाराला फोनवर काय काय बोललो ते त्याला आठवत होतं…

"मी उघडून बघायला हवं होतं," तो शेवटी म्हणाला. "स्कॅनर होता म्हणून बघितलं नाही."

"स्कॅनरला बोल लावू नकोस. तो बिचारा जेवढं ऐकलं तेवढंच सांगतो."

…

इंजिन रात्रभर थंड पडलं होतं. चाचांनी नंदाक्काला ते सुरू करायला सांगितलं. मग गॅरेजच्या कोनाड्यातून उदबत्त्या काढल्या. दोन पेटवल्या. 'बिस्मिल्ला' म्हणाले आणि ट्रकच्या बाजूला फरशीवर पोतं अंथरून आडवे झाले.

 सगळं करून थकल्यावर म्हातारा आता गाडीसाठी दुआ मागतोय, असं इंद्रजितला वाटलं. जर्मनीत असता तर तो हसला असता. आज हसू आलं नाही. तोही पोत्याच्या कडेला पालथा झाला. ट्रकखाली मान घातली. उदबत्तीसमोर हात जोडले आणि डोळे मिटले.

वर इंजिन धडधडत होतं. चंदनाचा वास येत होता.

"काय करतोयस?" चाचांनी विचारलं.

"…प्रार्थना, चाचा."

"डोळे मिटून?"

"हो."

"मग तुला दिसणार काय, कपाळ?"

इंद्रजितनं डोळे उघडले.

चाचांचा हात नळीखालून सरकत होता. अगदी हळू, सुईत दोरा ओवावा तसा. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. पुढच्या जोडापाशी सरळ. कन्व्हर्टरच्या पोटापाशी सरळ. मागच्या जोडापाशी सरळ.

जोडाच्या मागं वीतभर, मागच्या सेन्सरच्या थोडं अलीकडे… धूर वाकला.

बाजूला ढकलला गेला. मग नळीकडे ओढला गेला. पुन्हा ढकलला. पुन्हा ओढला.

"श्वास घेतेय," इंद्रजित पुटपुटला.

चाचा उदबत्ती तिथंच धरून राहिले.

आणि इंद्रजितला सगळं एका दमात कळलं. तिथं चीर होती. इंजिनच्या प्रत्येक ठोक्यासरशी बाहेरची हवा त्या चिरेतून आत शिरत होती आणि थेट मागच्या सेन्सरच्या तोंडावर जात होती. सेन्सर ती हवा बघत होता. बघत होता तेच सांगत होता. खरं तेच… तीन महिने, न थकता.

"पण चाचा, इथं तर काही दिसत नाही! नळी कशी चकचकीत आहे, बघा. गळती असती तर काजळी धरली असती. काळी रेघ उठली असती…"

तो बोलता बोलता थांबला.

नळी चकचकीत होती, कारण तिला चंदेरी रंग होता.

रंग त्यानंच दिला होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. सहा वर्षांनी तो सणाला घरी होता. गॅरेजातले पाने धुवून-पुसून मांडले जात होते, गाड्यांना झेंडूच्या माळा ओवल्या जात होत्या, आणि त्याला भरून आलं होतं. 'नंदाक्काची गाडी मी सजवतो,' म्हणाला होता. ट्रकखाली शिरला होता. मागच्या नळीवर एक काळी रेघ होती. केसाएवढी बारीक. त्याला ती घाण वाटली. रॉकेलचा बोळा घेऊन त्यानं ती घासघासून काढली होती आणि वरून सिल्व्हरचे दोन हात दिले होते.

नंदाक्कानं तेव्हा त्याची पाठ थोपटली होती. 'नवरीसारखी दिसतीया,' म्हणाली होती.

चाचा त्या दिवशी लेकीकडे सोलापूरला होते.

"तुम्हाला आधी विचारलं असतं तर…"

"विचारायला तुला वेळ कुठं होता? तू तर मला सांगत होतास."

हे ते रागानं म्हणाले नाहीत. उदबत्ती फरशीवर विझवली आणि खिशातला चाकू काढून चंदेरी रंगाचा पापुद्रा खरवडला. खाली चीर होती. केसाएवढी. तिच्या दोन्ही काठांवर पुन्हा काजळी धरायला लागली होती.

…

चाचांनी वेल्डिंगची कांडी हातात घेतली, तेव्हा इंद्रजित पुढं आला.  आता बोलावं की नको, असं त्याला झालं.

"चाचा… बॅटरीची तार सोडवू का आधी? आणि सेन्सरही काढून ठेवतो. वेल्डिंगच्या झटक्यानं कॉम्प्युटर जळू शकतो."

चाचांची कांडी हवेतच राहिली.

"जळतो?"

"जळू शकतो."

 म्हाताऱ्यानं कांडी खाली ठेवली आणि तो दोन पावलं मागं सरला.

"सोडव. मला हे ठाऊक नव्हतं. दोन गाड्यांचे कॉम्प्युटर मी घालवलेत… आणि नशिबाला दोष दिला." त्यांनी कपाळाला हात लावला. "शुक्रिया, बेटा."

 इंद्रजित घाईनं बॅटरीकडे वळला.

चीर सांधली गेली. सेन्सर पुन्हा बसला. तार जोडली, कोड पुसला, दिवा गेला.

"आता गेला तसा दोनदा गेलाय," नंदाक्का म्हणाली. "माझा विश्वास न्हाई. चला, बसा गाडीत."

ती चालवायला बसली, चाचा मधे, इंद्रजित खिडकीशी. स्कॅनर त्याच्या मांडीवर होता. गाडी नळदुर्गकडे निघाली. पडद्यावर दोन रेघा चालल्या होत्या. पुढची रेघ उड्या मारत होती, वर-खाली, वर-खाली.

मागची रेघ…

मागची रेघ सरळ होती. चढाला लागले तरी सरळ. उतारावर सरळ. वारा पडल्यावर तळ्याचं पाणी असतं तशी शांत.

"काय म्हणतोय तुझा मागचा?" नंदाक्कानं विचारलं.

"गप्प आहे, अक्का." इंद्रजितनं त्या रेघेवर बोट ठेवलं. "समाधानानं गप्प आहे."

जाऊन येऊन चाळीस किलोमीटर झाले. दिवा लागला नाही. स्कॅनरनं आपली सगळी तपासणी पुरी केली आणि एकही कोड दाखवला नाही.

नंदाक्कानं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "उद्या फिटनेस. सांज पडायला पेट्या भरते. परवा माझ्या पोरी तुरीवर असतील." आणि बाजूला वळून इंद्रजितला म्हणाली, "पहिल्या मधाची बाटली तुझी. पण माझ्या गाडीला परत रंग लावलास तर डंख माझा खाशील."

…

गॅरेजात परतल्यावर इंद्रजितनं ते दोन कन्व्हर्टर उचलले. स्वच्छ फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले. दुकानदाराला फोन लावला आणि माफी मागितली. पलीकडचा माणूस आधी चिडला, मग हसला.

मग तो चाचांसमोर आला. सहा वर्षं, दोन पदव्या, चार भिंतींवर टांगलेली प्रमाणपत्रं… त्यातलं काही त्याला त्या क्षणी आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त वाकलेला धूर.

तो पाया पडायला वाकला.

चाचांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. एव्हाना नळी निवली होती; त्यांनी ट्रकखाली हात घातला. खरवडलेल्या रंगाच्या कडेला बोट फिरवलं. बोट काळं झालं.

त्या बोटानं त्यांनी इंद्रजितच्या गालावर एक ठिपका लावला. तान्ह्या बाळाला तीट लावतात तसा.

नंदाक्का खळखळून हसली. "आता कसं! आमच्या इंजिनेराला कुणाची नजर लागायची न्हाई."

इंद्रजितही हसला. ट्रकच्या आरशात त्यानं आपला चेहरा पाहिला. गोऱ्या गालावर काळा डाग. नकळत त्याचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला.

"पुसू नकोस," चाचा म्हणाले. "आधी वाच."