पिसाचं दुसरं टोक

नदीवर पूल नव्हता, होडीवाला मगर होता, तेव्हाची गोष्ट. दोन काठांवरच्या जंगलांनी व्यापाराचा करार केला होता. घाटावर आलेला माल तपासायचा, खोट निघाली तरच परत पाठवायचा. तो कसा मिळवला, हे मात्र विचारायचं नाही.

तपासणीला वानरतात्या बसत. मोरपिसांचा भारा आला की ते डोळ्याची बाजू बघत आणि रंग झकास असला की भारा सोडत.

एका भर उन्हाळ्यात तरस वीस भारे घेऊन आला. काठावरची टिटवी धावतच पुढे झाली.

"तात्या, थांबा. मोर पिसं गाळतात पावसाळा सरताना. मग ही आत्ता कुठून आली?"

"ते विचारायचं नाही, बाई. करार आहे," तरस म्हणाला.

"खरंय त्याचं," तात्या चुळबुळले. "मी फक्त माल बघायचा."

"मग पुरता बघा की," टिटवीला धाप लागली होती. "मी काही विचारत नाही. पीस तेवढं उलटं धरा."

तात्यांनी धरलं. गळालेल्या पिसाचा देठ कोरडा, पांढरा असतो. याच्या देठाला रक्त होतं. दुसऱ्याच्याही, तिसऱ्याच्याही.

"ही खोटच आहे. भारे परत न्या," तात्या म्हणाले.

घाटावर एकच गलका उडाला. रांगेतला जो तो आपलं ओझं उतरवून उलटंपालटं करू लागला.

त्या गलक्यात तात्यांचा हात हळूच कानामागे गेला. गेल्या उन्हाळ्यात तरसाने भेट दिलेलं पीस तिथे खोचलेलं होतं. त्यांनी ते काढलं आणि उलटं केलं.