रिकामा हलणारा पाळणा

एका राज्यात एक राजकन्या जन्मली, आणि तिला झोपच येईना. यक्षिणीचा शाप होता: घरोघरी मंतरलेला पाळणा हलेल, तेव्हाच हिचा डोळा लागेल.

कंकभट मांत्रिकाने आपोआप हलणारा पाळणा केला. मंतरलेल्या दोऱ्या पेटीत घातल्या, वर झाकण ठोकलं, राजाची मोहर लावली. राणी मृगावती लेकीला त्यात ठेवी. लेक टक्क बघत राही. पोर वाळत चालली, राणीला घास गिळवेना.

राजाने तसेच ढीगभर पाळणे करवले आणि घरोघरी विकत न्या म्हणून दवंडी पिटवली. कुणी पाळणा नेला नाही. मग पाळणे फुकट वाटले, वर चांदीचा खुळखुळा दिला. बायकांनी खुळखुळे ठेवून घेतले, पाळणे परसात टाकले.

तेव्हा राणीची साळुंकी बोलली, "मांत्रिका, झाकण उघड."

"माझी विद्या चोरतील!"

"फुकट दिलेलं टाकून देतात. चोरायला येतंय कोण?"

राणीने पदर पसरला. "माझ्या पोरीसाठी उघडा, भटजी."

मांत्रिकाने झाकण काढलं, चौकात बसून मंत्रही सांगितला. पण झाकण उघडलं म्हणून लगेच पाळणे हलले, असं काही झालं नाही. लोक आले, वाकून बघून गेले. राणी वाटेकडे डोळे लावून बसली.

मग मांत्रिकाची शेजारीण रखमाई आली, कडेवर तान्हं घेऊन.

"अहो भटजी, हा रिकामाच हलतोय की! रिकामा पाळणा हलवतात का कुणी? बाळाला बाधतं."

मांत्रिकाला ना बायको, ना पोर. तो चकित झाला. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"वर राजाची मोहर. बोलायचं कुणाशी? बरं, ही दोरी बाळाच्या भारानेच ओढली जाईल, असं होईल का?"

"होईल. तू गाठ मार, मी मंत्र म्हणतो."

रखमाईने बाळ ठेवलं, पाळणा हलला. उचललं, थांबला. झालं! बायका परसातले पाळणे धुऊन पुसून घेऊन आल्या. कुणी दोरी आखूड केली, कुणी हेलकावा हळू केला, कुणी शेजारणीला गाठ शिकवली.

शेवटच्या घरात पाळणा हलला, त्या क्षणी राजकन्येने जांभई दिली. शाप सुटला. सारं राज्य निजलं.

राणी तेवढी जागी राहिली, लेकीच्या नाकाशी बोट धरून. श्वास चालतोय ना, बघत.

जशी तिची लेक निजली, तशी तुमची-आमची लेकरं सुखाने निजोत.