निवल्यावर जड

"सर, खडा फेकून देऊ का?"

स्वरूपानं दारातूनच विचारलं. कडेवर दोन वर्षांची मिनू, रडून रडून लाल झालेली. पाळणाघर बंद, म्हणून लेकीला घेऊनच ती प्रयोगशाळेत आली होती.

सामंत सर खडे गार करणाऱ्या यंत्राशेजारी स्टुलावर बसून शेंगदाणे खात होते. "का गं? काय केलं बिचाऱ्यानं?"

"बिघडलाय."

खडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. सिरियम नावाचा धातू दुसऱ्या धातूंबरोबर वितळवून स्वरूपानंच तो घडवला होता. त्यातला सिरियमचा एकेक अणू म्हणजे चिमुकला लोहचुंबक. खडा गार करत जावं तसा चुंबकांचा जोर वाढत जायला हवा, असं तिचं गणित. आणि विद्यापीठात पहिल्या आलेल्या स्वरूपाचं गणित सहसा चुकत नसे.

"आधी वाढला सर. मग खूप गार झाल्यावर थांबलाच. एकही चुंबक डोकं वर काढत नाही."

"बरं."

"बरं काय सर? ऊब दिली तर तापतही नाही. शेजारचा बिनसिरियमचा खडा तेवढ्याच उबेनं पटकन तापतो. हा ढिम्म. गिळून बसतो सगळी. जसे काही आत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन जड झालेत... थंडीनं कुणी जड होतं का?"

"तुला विचारून व्हायला हवं होतं त्यांनी. पहिली आलीस ना."

स्वरूपाचे कान तापले. "खडा यंत्रात ज्यानं चिकटवलाय ते ग्रीस सुटलं असणार. यंत्र उघडते."

"मागंही उघडलं होतंस."

"हो."

"सुटलं होतं?"

"नव्हतं."

यंत्र उघडलं की सगळा गारवा जाणार. गारवा देणाऱ्या हेलियमची ही शेवटची टाकी. दुसरी येईपर्यंत तिची शिष्यवृत्ती संपलेली असणार, आणि मग घरी बसायचं. हे सगळं तिला माहीत होतं. तरी हात पान्याकडे गेलाच.

मिनूनं लाथ झाडली. पाना खाली पडला.

"आधी हिला निजव," सर म्हणाले. "मग खुशाल उघड. मी अडवणार नाही."

स्वरूपा लेकीला थोपटत फेऱ्या मारू लागली. पंप एका लयीत घरघरत होता. मिनू आधी ताठ, मान मागं टाकून. मग तिची मान आईच्या खांद्यावर टेकली. मुठीत धरलेली ओढणी सुटली.

स्वरूपानं तिला जरा वर सरकवलं. थोड्या वेळानं पुन्हा. मग खांदा बदलला.

"काय झालं?" सरांनी हळूच विचारलं.

"काही नाही हो. निजली की जड होते..."

बोलता बोलता ती थांबली.

सरांनी शेंगदाणे बाजूला ठेवले.

"मघाशी हलकी होती?"

"मघाशी स्वतःचं स्वतः सावरत होती. आता सगळा भार माझ्यावर टाकलाय."

तिनं यंत्राकडे पाहिलं.

"सर... म्हणजे ते चुंबक कुठं गेले नाहीत? आपला भार इलेक्ट्रॉनांवर टाकून..."

सरांनी वाकून पाना उचलला आणि आपल्या खिशात टाकला.

"हळू बोल. दोघंही आत्ताच निजलीत."