कमरेइतक्या उंचीचा बाण

एकदा एका व्यापाऱ्याने दोन सॉफ्टवेअरची तुलना करण्याचे काम आपल्या कारखान्यातील सर्वांत हुशार मुलीकडे सोपवले. हुशार माणसाची चूकही नीटनेटकी असते, आणि म्हणूनच ती पटकन सापडत नाही. ही गोष्ट अशाच एका नीटनेटक्या चुकीची आहे. माणसांची नावे मी सांगत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या कार्यालयात ती माणसे आजही बसलेली आहेत.

व्यापाऱ्याचा कारखाना पाट्यांचा होता. दुकानांच्या नव्हे, रुग्णालयांच्या. प्रसूती विभाग इकडे, रक्तपेढी तिकडे, अपघात विभाग सरळ पुढे. या विद्येचे मूळ होते एक वृद्ध रंगारी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ब्रश धरणारा त्यांचा हात आता थरथरत असे, पण अक्षर वाकडे पडले की ते त्यांना दारातूनच दिसे. ती मुलगी त्यांची शिष्या. अक्षराचे वळण तिने त्यांच्याकडून घेतले होते आणि संगणक स्वतःच्या कष्टाने आत्मसात केला होता. या दोन्हींचा तिला अभिमान होता, आणि तो रास्तही होता.

प्रत्येक रुग्णालयाला पाट्यांबरोबर कागदांचा एक गठ्ठा द्यावा लागे. कोणती पाटी कुठे, किती उंचीवर, कोणत्या रंगात. तो गठ्ठा तयार करण्यात तीन-तीन आठवडे जात. म्हणून दोन सॉफ्टवेअर विचारात होती. पहिले साच्यात माहिती भरून सगळी कागदपत्रे आपोआप तयार करणारे. दुसरे रचनेचे नियम, त्यांतले बदल आणि त्यांमागची कारणे नोंदवून ठेवणारे. शिष्येने चोपन्न मुद्द्यांचा एक देखणा तक्ता मांडला. पहिल्याला सत्तेचाळीस गुण मिळाले, दुसऱ्याला एकोणीस. चाचणी म्हणून पहिल्याने एका नव्या रुग्णालयाची एकशे बारा पाने चहा निवायच्या आत काढून दिली. त्या पानांप्रमाणे तळमजल्यावरच्या पाट्या बसल्यासुद्धा. आठ दिवसांनी रुग्णालय उघडणार होते.

व्यापारी हरखून गेला. शिष्या गठ्ठा घेऊन अण्णांकडे गेली.

"अण्णा, एकदा नजर टाका. एकही खाडाखोड नाही."

अण्णांनी पहिले पान पाहिले, दहावे पाहिले, आणि गठ्ठा मिटून बाजूला ठेवला.

"रिकामी गाडी आहे का कुणाची? आपण तिघं त्या रुग्णालयात जाऊ," ते म्हणाले. "तिथे मला एक चाकांचं स्ट्रेचर लागेल."

व्यापारी घाबरला. "अण्णा, बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरली आहे! चला."

नव्या इमारतीत अजून रंगाचा वास होता. अण्णा स्ट्रेचरवर आडवे झाले, धोतराचा सोगा आवरला आणि डोळे मिटून म्हणाले, "मी अत्यवस्थ आहे. शेठ, तुम्ही पुढून ओढा. पोरी, तू मागून ढकल आणि माझा श्वास चालतोय का, ते बघत राहा. मला अपघात विभागात पोहोचवा. पळत. इथला रस्ता तुम्हाला ठाऊक नाही, असं समजा."

"ठाऊक नाहीच आहे," व्यापारी पुटपुटला.

दोघे पळू लागले. अण्णा मधूनच असे कण्हत की शिष्येचे काळीज लक्कन हलत होते. तिची नजर त्यांच्या छातीवर खिळली होती. व्यापारी उलट्या पावलांनी ओढत होता, त्याचेही डोळे त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावरून हटत नव्हते. एक वळण गेले, दुसरे गेले, आणि एक दार ढकलून तिघे आत शिरले. समोर कपडे धुण्याची चार मोठी यंत्रे होती.

अण्णांनी डोळे उघडले. "गेलो मी," ते शांतपणे म्हणाले.

"इथे पाटीच नव्हती!" व्यापारी धापा टाकत ओरडला.

तिघे चालत मागे आले. दुसऱ्या वळणावर पाटी होती. लालभडक, सुबक, सात फुटांवर. दोघांपैकी एकानेही मान वर केली नव्हती.

शिष्येने पाटीखालच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, जुन्या कागदांत सगळ्या पाट्या सात फुटांवर होत्या. फक्त अपघात विभागाच्या वळणांवर आणखी एक बाण होता, तीन फुटांवर. मला वाटलं, कुणाच्या तरी हातून चुकून लिहिलं गेलं. इतक्या खाली कोण पाटी लावतं? म्हणून साचा करताना मी तो बाण काढून टाकला. सगळं एकसारखं केलं."

"आणि यंत्राने?"

"सगळ्या इमारतीत मिळून अपघात विभागाकडे नेणारी एकतीस वळणं आहेत. एकतीसही ठिकाणी यंत्राने माझी चूक बिनचूक उतरवली."

अण्णा स्ट्रेचरच्या कडेला बसले. "रुग्णाला नेणारा माणूस वर बघत नाही. तो वाकलेला असतो, त्याचं सगळं लक्ष आपल्या माणसावर असतं. त्याची नजर फार तर कमरेच्या उंचीवर भिंतीला लागते. म्हणून तिथे बाण. माझ्या थोरल्या बहिणीला नेताना मी स्वतः असाच वळण चुकलो होतो. ती वाचली, पण ते वळण मी विसरलो नाही. यंत्रात काही दोष नाही, बाळ. जे ठरलंय ते भराभर आणि अचूक लिहून देणं, हे पहिल्याचं काम. ते का ठरलं, हे जपून ठेवणं दुसऱ्याचं. तू दोघांना एकाच तक्त्यात बसवून गुण दिलेस. पोळपाट सरस की चूल, असा तक्ता घरात कुणी करतं का?"

व्यापाऱ्याने कपाळावरचा घाम पुसला. "मग अण्णा, घ्यायचं कोणतं?"

"ते मला कशाला विचारता? ज्याचं काम त्यालाच विचारा." अण्णांनी शिष्येकडे बोट दाखवले.

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "दोन्ही. पण आधी दुसरं. नियम आणि त्याचं कारण एकाच जागी लिहू, आणि पहिल्याने उंची तिथूनच उचलायची, माझ्या मनातून नाही. मी आजच बसते. तळमजल्याचे बाण उद्यापासून लावायला घ्या. आठ दिवसांत एकतीसही वळणं नीट होतील."

झालीही. सातव्या दिवशी सायंकाळी शेवटचा बाण लागला, आणि या वेळी व्यापारी स्वतः स्ट्रेचरवर झोपला. नेणाऱ्यांपैकी कुणालाही मान वर करावी लागली नाही; स्ट्रेचर थेट अपघात विभागात पोहोचले.

त्याआधी, पहिल्याच दिवशी, शिष्येने दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली नोंद केली. अपघात विभाग, वळण, तीन फूट. खाली कारण. आणि त्याखाली तिने लिहिले : 'हा बाण मी चूक समजून काढला होता. त्यामुळे चाचणीतला रुग्ण धुलाईघरात पोहोचला. पुन्हा कुणी काढू नये.' शेवटी स्वतःचे पूर्ण नाव घातले.

व्यापारी मागे उभा होता. "अगं, स्वतःची चूक कशाला लिहितेस? उद्या गिऱ्हाईक बघेल."

"बघू दे, शेठ. नाही लिहिली, तर दहा वर्षांनी माझ्यासारखीच कुणीतरी हुशार येईल आणि पुन्हा सगळं एकसारखं करील."

अण्णांनी चष्मा लावून ती नोंद दोनदा वाचली. मग सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाट्या रंगवायला मी पुष्कळांना शिकवलं. आज ही माझी शिष्या आहे, असं सांगताना माझी छाती फुगते. ऐका सगळ्यांनी!"

कामगारांनी हातातली कामे थांबवली. शिष्येने मान खाली घातली, पण तिचा चेहरा उजळला होता. मग ती म्हणाली, "अण्णा, आता लाल रंगाचं कारण सांगा. पुढची नोंद तीच करते."

अण्णा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. बोलायला तोंड उघडले, आणि थांबले.

"लाल रंगाचं नंतर," ते म्हणाले. "आधी माझी नोंद कर. लिही, की तीन फुटांचं कारण मला चाळीस वर्षं ठाऊक होतं. सगळे मला विचारायला यायचे, ते मला आवडायचं. म्हणून मी ते कुणालाच लिहून दिलं नाही."

शिष्येची बोटे कळफलकावर अडखळली. "अण्णा, हे लिहू?"

"लिही," अण्णा म्हणाले, "आणि खाली माझं नाव घाल. पूर्ण."